भाव सातवर आहे तोवर ये

ला पारादा, २७ फेब्रुवारी १९८३

नुबिया,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरली असशील. कोणी गेलेलं नाही. बाबा बरे आहेत, मी बरी आहे. हे पत्र लिहिते आहे ते बाबांना माहीत नाही, आणि तुझ्या उत्तरात त्यांचं नाव नसलं तरी मला चालेल.

एकच विचारायचं आहे. तुझा एलेआसार तिकडे बँकेत आहे, त्याच्या कानावर काही आलं असलं तर कळव. त्या शुक्रवारी काराकासच्या सरकारने डॉलर विकणं बंद केलं, आणि तेव्हापासून इथे तुमच्या तिकडच्या बोलिवारला भावच नाही. पडला असता तर चार शिव्या देऊन मोकळे झालो असतो. पण भावच नाही! पुलापासून चर्चपर्यंत पैसे बदलून देणाऱ्यांची सगळी टेबलं मांडलेली, छत्र्या उघडलेल्या आणि पाट्या कोऱ्या. परवा पुलापलीकडच्या उरेन्याहून एक बाई आली होती, पोरांना बूट घ्यायला. आपल्या शेजारच्या टेबलावर विचारते, "दादा, कितीला घेता?"

"माहीत नाही, ताई."

"बरं, कालच्या भावाने घ्या."

"कालचाही माहीत नाही."

नोटा छातीशी धरून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एरवी या रस्त्यावर कोणी असं उभं राहिलं तर दहा जण अंगावर ओरडतात. कोणी ओरडलं नाही. ट्रकवाल्यानेसुद्धा वळसा घातला.

पाटीवर आकडा लिहिणारे एकटे आपले बाबा. एका बोलिवारला आपले सोळा पेसो, कार्निव्हलच्या आधी होता तोच. लोक समजवायला येतात तर त्यांनाच विचारतात, "तिकडच्या विहिरींतलं तेल आटलं का? नाही ना? मग सोळा!"

टेबलासमोर केवढी रांग लागते ते तुला सांगायला नको.

एर्सिलिया

२२ मार्च

नुबिया,

उत्तराबद्दल आभार. एवढ्याशा चिठ्ठीत एवढा राग मावतो हे मला माहीत नव्हतं. एलेआसारचा पगार अडकला हे वाचून वाईट वाटलं. पोरीचं नाव युदित ठेवलंस, छान आहे. मला हे नाव तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं, ते असो.

आता भाव आला आहे. बाकीच्या टेबलांवर नऊ. बाबांच्या पाटीवर सोळाच. पहिल्या आठवड्यात लोकांनी त्यांना धुऊन नेलं. आपलेच लोक. ज्याच्या लग्नात बाबांनी डुक्कर दिलं होतं तो विलामिसारसुद्धा दोनदा रांगेत होता. शिल्लक राहिलं ते मी पिठाच्या डब्याखाली लपवलं आणि गल्ल्यात रोज थोडेच पेसो ठेवायला लागले. पण खरं नवल पुढेच आहे. गल्ल्यात पैसे असूनही लोक यायचे थांबले. "बाई, त्या म्हाताऱ्याकडून सोळाने घेतलेले पैसे हातात गार लागतात," असं आता बाजारात म्हणतात. आधी लुटायचं आणि मग भ्यायचं!

गिऱ्हाईक नाही म्हणून बाबा जेवेनात. तेव्हा मी आणि बेत्साबे काकूंनी एक युक्ती काढली. आपल्या दाराशी हरभऱ्याचे पास्तेल तळायला बसतात त्याच काकू. रोज सकाळी मी त्यांना गल्ल्यातले बोलिवार देते, त्या ते बाबांना विकतात, संध्याकाळी पेसो मला परत करतात. तेच पैसे गोल गोल फिरतात. बाबा त्यांना रोज नव्याने विचारतात, "कुठून आलात, बाई? प्रवास बरा झाला ना?" आणि काकू रोज नवं गाव सांगतात. काल म्हणे माराकाइबो. "तिकडे उकाडा फार," बाबा म्हणाले. मग हसून जेवले.

तू म्हणशील ही सगळी सोंगं. म्हण. निदान माणूस जेवतोय.

ताई

१४ मे

नुबे,

नीट बसून वाच.

गेल्या सोमवारी बाबांनी पाटी पुसली आणि सात लिहिला. बाजारात तेव्हा आठ होता. मला वाटलं, सुटलो! माणूस ताळ्यावर आला, एवढंच नव्हे तर बाजाराच्या एक पाऊल पुढे गेला. मी कॉफी घेऊन गेले तर मला म्हणतात, "पोरी, नुबियाची फी भरलीस का? शिक्षिका व्हायचंय तिला. पैशासाठी अडायला नको."

पाच वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं नव्हतं.

नुबे, हा आजचा सात नाही. बाजारात भाव सात होता ते वर्ष आठव. तेलाला सोन्याचा भाव आला होता आणि तिकडच्या बायका कुकुता शहरातल्या सहाव्या अव्हेन्यूवर मोजे निवडावेत तसे फ्रिज निवडत होत्या. तेव्हा तू अठराची होतीस. एलेआसार अजून यायचा होता. "पूल ओलांडलास तर तिकडचीच झालीस" हे बाबांचं वाक्य अजून बोललं गेलं नव्हतं. बाबा तिथे आहेत. मी विचारलं, "बाबा, नुबिया भेटायला आली तर?" "आली तर म्हणजे? संध्याकाळी येईलच की. तिच्यासाठी ग्लासभर मासातो गार करून ठेव."

म्हणून सांगते, भाव सातवर आहे तोवर ये. माफी मागायला नको, काही सांगायला नको. कॉलेजातून आल्यासारखी नुसती आत ये.

एक गोष्ट लिहू की नको कळत नाही. बेत्साबे काकू आठवडाभर मुलाकडे चिनाकोटाला गेल्या आहेत. म्हणजे बाबांकडे एकही गिऱ्हाईक नाही. मी स्वतः दारात बसून असते. आणि तरी संध्याकाळी गल्ल्यात पेसो कमी असतात आणि बोलिवार असतात. कोऱ्या करकरीत नोटा. "कोण आलं होतं, बाबा?" विचारलं तर म्हणतात, "तारीबाच्या वकिलांची बायको, छत्रीवाली. तुझ्या आईची चौकशी करत होती."

ती बाई तुला आठवते का? आपण तिच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. तू चप्पल विसरली होतीस.

ताई

९ जुलै

नुबिया,

तुझं उत्तर मी दोनदा वाचलं. "त्यांना अठरा वर्षांची पोर हवी आहे, मी सव्वीसची आहे. राग विसरले म्हणून मिळणारं प्रेम मला नको. राग आठवत असताना बोलव." तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तू घासाघीस करत बसलीस आणि तेवढ्यात भाव उतरला.

पाटीवर आता तीन आहे. कॉफीचा भाव पडला होता, पेसो रोज थोडा थोडा वितळत होता आणि बाबा वैतागून म्हणायचे की आपले पैसे म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी, ते हे वर्ष. तू आठ वर्षांची आहेस. ते रोज तुझ्यासाठी खिशात गोळी ठेवतात आणि रात्री ती काढून टेबलावर ठेवतात. आई जिवंत आहे. स्वयंपाकघराकडे तोंड करून तिला हाक मारतात आणि उत्तराला थोडं थांबून "बरं बरं" म्हणतात. मी तिथेच उभी असते, मला काही ऐकू येत नाही. एवढ्यात एकदाच, त्यांनी हाक मारली तेव्हा माझ्या मागे कोणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं.

तू विचारलंस घर कसं चालतं. चालतं कसंतरी. मी शिवण घेते.

अजून तीन आहे. आठ वर्षांच्या मुलीसारखं वागायला कोणी सांगत नाही. नुसती समोर बस.

ताई

१८ सप्टेंबर

नुबिया,

शिवण घेते असं लिहिलं होतं ते खोटं. या गावात आज कोण शिवून घेणार? सहाव्या अव्हेन्यूवर दुकानं उघडी असतात, विकणाऱ्या मुली दारात हात बांधून उभ्या असतात, आणि काचेतल्या बाहुल्या आणि त्या यांत आता फारसा फरक राहिलेला नाही. पुलावरून दुपारी एखादा कुत्रा येतो तोही मधूनच परत फिरतो.

आम्ही चांदीवर जगतो. बाबांच्या पाटीवर तीन आला तेव्हापासून गल्ल्यात नोटांच्या जागी नाणी यायला लागली. तिकडे पूर्वी चालायची ती पाच बोलिवारची जाड चांदीची नाणी. मी ती कुकुताला नेऊन वजनावर विकते. बाबांचं रक्तदाबाचं औषध, तेल, मका, बेत्साबे काकूंच्या खोलीचं भाडं, सगळं त्यातून. सोनार पहिल्या वेळी म्हणाला, "बाई, कोणाचं थडगं उकरलंत?" मी म्हटलं, "वडिलांचा धंदा चांगला चाललाय." यात खोटं काय आहे सांग.

आणि आता जे लिहिते ते फक्त तुला. बाबा मागे जातात तसा गल्ला जड होतो. ऑगस्टमध्ये भाव दोन झाला, तिकडचा हुकूमशहा विमानात बसून पळाला ते वर्ष. तू पाळण्यात होतीस. मग एका सकाळी बाबांनी पाटी उलटीच लिहिली: एका पेसोला सव्वा बोलिवार. पेसो वर आणि बोलिवार खाली! तुझा जन्म झाला नव्हता. त्या दिवशी मी त्यांना थांबवू शकले असते. खांदे धरून म्हणू शकले असते, "बाबा, हे त्र्याऐंशी साल आहे, इकडे बघा." डॉक्टर सांगून गेले होते की असं ओढून आणत राहा. मी आणलं नाही. टेबल पुसलं, पाणी ठेवलं आणि दारात बसून राहिले, कारण संध्याकाळी गल्ल्यात काय असेल ते मला बघायचं होतं.

काल पाटीवर पेसोला दोन बोलिवार आला. पेसोला दोन होता तेव्हा मी जन्मायची होते. सकाळी कॉफी दिली तर बाबा खुर्चीतून उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "आभारी आहे, सेन्योरिता. तुम्ही या घरात कामाला आहात का?"

मी हो म्हणाले.

आता तुला बोलवण्यात अर्थ नाही. तरी बोलावते. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी ये. या घरात मी एकटीच अशी आहे की जिला कोणी ओळखत नाही.

ताई

२४ ऑक्टोबर

लाडके नुबे,

तू आलीस! अजून माझा विश्वास बसत नाही, म्हणून तू जाऊन चार दिवस झाले तरी लिहायला बसले.

भर दुपारी आलीस, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हात पुलाचं ते टोक दिसतही नव्हतं आणि त्या पांढऱ्या झगमगाटातून निळा झगा चालत आला. मी आधी ओळखलंच नाही. केस कापलेस ते छान दिसतात. एवढं उन्हातून येऊन तुझ्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. सान क्रिस्तोबालच्या थंड हवेने तू इतकी बदललीस? पोरीला मात्र आणायला हवं होतंस. बेत्साबे काकूंनी दिलेला पास्तेलही खाल्ला नाहीस, कागदात गुंडाळून तसाच ठेवलास. काकू जरा रुसल्या आहेत.

मी किती भीत होते! वाटलं होतं, दारात पाऊल ठेवशील आणि पाच वर्षांचं सगळं माझ्या डोक्यावर ओतशील. पण तू नुसता हात हातात घेतलास. "ताई, किती दमलीस गं. सगळं माझ्यामुळे." चांदीबद्दलही एक शब्द बोलली नाहीस. तू एवढी गोड कधी झालीस?

आणि बाबा. त्या सकाळी पाटीवर पेसोला पाच बोलिवार होते. एवढा ताठ पेसो मी फक्त गोष्टींत ऐकला होता. बाबा दहा वर्षांचे होते तेव्हाचा, जेव्हा इकडच्या कॉफीला जगात मान होता आणि तिकडचं तेल जेमतेम निघायला लागलं होतं. तुला पाहून त्यांचा चेहरा मुलासारखा झाला. "आई, इतका उशीर?" म्हणाले. मी मध्ये पडणार होते, पण तू मला डोळ्यांनी थांबवलंस आणि त्यांना म्हणालीस, "हो रे राजा, झाला खरा. चल आता." बरं केलंस, सुधारत बसली नाहीस. आजी नदीपलीकडे कॉफी निवडायला गेली ती परत आलीच नाही, आणि त्यांनी आयुष्यभर पुलासमोर टेबल टाकलं. निदान त्यांना वाटू दे की आली.

बाबांना चार दिवस घेऊन जाते म्हणालीस, पण म्हातारं माणूस आहे, आठवडा झाला तरी चालेल. मला खरंच विश्रांती हवी होती. परवा मी दुपारभर झोपले. औषधाची बाटली विसरलात, या पत्रासोबत एका ओळखीच्या माणसाकडून पाठवते आहे. सकाळी एक गोळी, जेवणानंतर. रात्री त्यांना गुळाचं गरम पाणी लागतं. टोपीशिवाय बाहेर सोडू नकोस.

जेवतात ना नीट? आणि तिकडेही पाटी मागतात का?

तुझी ताई

२ नोव्हेंबर

नुबिया,

बाटली परत मिळाली. सोबतचं पत्रही.

तू लिहितेस, तू आली नाहीस. केस कापलेले नाहीत. निळा झगा तुझ्याकडे नाही. त्या गुरुवारी युदितला ताप होता आणि तू दिवसभर दवाखान्यात होतीस, आणि मी बाबांचं काय केलं ते आधी सांगावं, नाहीतर तू पोलिसांकडे जाशील.

मी काय केलं? मी त्यांचा शर्ट इस्त्री करून दिला. केस विंचरले. दारात उभं राहून हात हलवला.

पत्र आलं तशी धावत पुलावर गेले. आपल्या बाजूचा शिपाई काकूंच्या ओळखीचा आहे. त्याला चांगलं आठवत होतं. "म्हातारबाबा आणि बाई ना? गेले की. बाबा कसले खुशीत होते! उड्या मारत चालले होते, मला काळजीच वाटली. बाईने घट्ट हात धरला होता." मग पलीकडच्या टोकाला जाऊन विचारलं. तिथल्या शिपायालाही तो दिवस आठवत होता, कारण त्याच्या पाळीत इकडून कोणी म्हणजे कोणीच आलं नव्हतं. पूल केवढा आहे ते तुला माहीत आहे. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाकडे विडी मागू शकतो. मी मधोमध उभी राहून खाली पाहिलं. नदीत गोटे आहेत आणि गुडघाभर पाणी. दोन दिवस माणसं उतरवून शोधलं. टोपीसुद्धा नाही.

बेत्साबे काकूंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या आत गेल्या आणि कागदात गुंडाळलेला तो पास्तेल घेऊन आल्या. टाकवत नव्हता म्हणे, म्हणून ठेवला होता. दोन आठवडे झाले, या उकाड्यात. उघडून पाहिला तर गरम होता. काकूंनी क्रूस केला आणि तसाच चुलीत टाकला.

टेबल मी आत घेतलं आहे. गल्ला त्या दिवसापासून रिकामा आहे, आणि खरं सांगते, मला हलकं वाटतं. बाजारात बोलिवार सहावर आहे. उद्या चारवर जाईल, नाहीतर दोनवर. लोक म्हणतात आता तो असाच पडत राहणार आणि एक दिवस तिकडची माणसं हा पूल ओलांडून इकडे काम मागायला येतील. कोणाचं काय सांगावं. दोन्ही बाजूंनी पाहिलंय मी ते.

आज मृतांचा दिवस. सगळं गाव थडग्यांवर फुलं घेऊन गेलं आहे. मी कुठे जाऊ? बाबा गेले असं कोणी म्हटलेलं नाही आणि आहेत असं मला म्हणता येत नाही. पाद्री म्हणतात, शरीर नाही तर नऊ दिवसांची प्रार्थना नको. मी म्हटलं, मी करणार. रविवारपासून रोज संध्याकाळी. काकू असतील, मी असेन. तू हवीस.

खरी तू.

आणि इथे मला एक अडचण आहे. ती माझ्याशी तासभर बोलली, तुझ्या आवाजात, तुझ्या डोळ्यांनी, आणि मला कळलं नाही. उलट सगळा वेळ मनात म्हणत होते, किती सुधारली माझी बहीण! एकदासुद्धा टोमणा नाही, चूक काढणं नाही, मागचं उकरणं नाही. मी आजवर तुझ्याकडून जे जे मागितलं ते सगळं तिने न मागता दिलं. आणि मी तिच्या हातात बाबांचा हात दिला.

रविवारी चार वाजता मी पुलाच्या आपल्या टोकाशी असेन. तू समोरून आलीस तरी मी पुढे येणार नाही, मिठी मारणार नाही, युदितलाही उचलून घेणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. आधी तू तोंड उघड. मला "चांदीची चेटकीण" म्हण. बाप विकून खाल्लास म्हण. पाच वर्षांचं काय साठलंय ते सगळं त्या शिपायांसमोर माझ्या तोंडावर फेक. मी ऐकून घेईन आणि मग मीही सोडणार नाही, मलाही पुष्कळ बोलायचं आहे.

आणि जर मनात काहीच राग नसेल, अगदी सगळी माफी असेल, तर त्या बाजूनेच परत फिर.

एर्सिलिया